यर्ट आणि टिपी : पायाविना उभी राहणारी घरे

श्रोतेहो, नमस्कार.

मंगोलियाची आजची राजधानी उलानबातर 1639 मध्ये वसली, ती एका ठिकाणी कायम राहण्यासाठी नव्हे. ते एक फिरते मठनगर होते. देवळे, भिक्खूंची निवासस्थाने, बाजार, कोठारे असे सगळे नगर तंबूंमध्ये नांदत होते, आणि चारा, पाणी व सरपण संपत आले की ते उठून पुढच्या खोऱ्यात जात होते. वीसहून अधिक वेळा जागा बदलल्यानंतर 1778 मध्ये ते तूल नदीच्या काठी स्थिरावले. जवळजवळ दीडशे वर्षे एक अख्खी राजधानी ज्या घरांच्या बळावर फिरती राहू शकली, ते गोल घर म्हणजे यर्ट. मंगोल लोक त्याला ‘गेर’ म्हणतात. त्याच्याबरोबर मी आज उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील शंकूच्या आकाराच्या टिपीविषयीही बोलणार आहे. सहलीच्या जाहिरातींमुळे या दोन्ही घरांची चित्रे आपल्या ओळखीची झाली आहेत. मात्र ती तशी का बांधली गेली, हे फारसे सांगितले जात नाही.

गेरची भिंत लाकडी पट्ट्यांच्या जाळीची असते. पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कातड्याच्या वादीने त्या सैलसर गुंफलेल्या असतात, त्यामुळे ही जाळी ओढली की पसरते आणि ढकलली की मिटते. अशा चार-पाच जाळ्या गोलाकार उभ्या करून एकमेकींना बांधतात, एका बाजूला दाराची चौकट बसवतात आणि माथ्यावर लाकडी चक्र धरून त्याच्या भोकांतून भिंतीच्या वरच्या काठापर्यंत वासे उतरवतात. छपराचा सगळा भार भिंतीला बाहेर ढकलू पाहतो. तो थोपवण्यासाठी भिंतीच्या वरच्या अंगाला एक मजबूत पट्टा गोल आवळलेला असतो, आणि माझ्या मते या घरातील सर्वांत कल्पक भाग हाच आहे, कारण त्या एका पट्ट्यामुळे पाया, खिळे आणि तणावे या तिन्हींची गरज उरत नाही. मंगोल गेरमधील चक्र जड असल्याने त्याला खालून दोन खांबांचा आधार देतात. किरगिझ आणि कझाख यर्टमध्ये चक्राखाली खांब नसतात. तिथले वासे खालच्या टोकाला वाकवलेले असतात, म्हणून छप्पर अधिक घुमटाकार दिसते.

या सांगाड्यावर येतो तो लोकरीचा जाड नमदा. आपल्याकडे बुरणूस जसा मागावर न विणता लोकर दाबून तयार होतो, त्याच रीतीचे हे कापड आहे. कातरलेली लोकर जुन्या नमद्यावर थरांनी पसरतात, तिच्यावर पाणी शिंपडतात, सगळे एका दांड्याभोवती घट्ट गुंडाळतात, वरून कातडे बांधतात आणि ती गुंडाळी घोड्यामागे लावून माळावर मागेपुढे फिरवतात. लोकरीचे तंतू एकमेकांत असे अडकतात की नंतर ते सोडवता येत नाहीत. उणे 30 अंश आणि त्याहूनही खाली जाणाऱ्या हिवाळ्यात या नमद्याचे थर वाढवतात. उन्हाळ्यात त्याची खालची कड गुंडाळून वर घेतली की वारा आरपार वाहतो. माथ्यावरचे चक्र उजेडाचे, हवेचे आणि धुराचे दारही असते. त्यातून येणारा उन्हाचा कवडसा दिवसभर वाशांवरून आणि भिंतीवरून सरकत जातो, आणि त्यावरून घरातल्यांना वेळ कळते.

आतली रचनाही ठरलेली असते. मंगोल घराचे दार दक्षिणेकडे असते आणि मध्यभागी चूल पेटलेली असते. पूर्वेची बाजू स्वयंपाकाची आणि बायकांची, पश्चिमेची पुरुषांची व पाहुण्यांची, तर दारासमोरची उत्तरेकडील जागा मानाची. तिथे देवाच्या प्रतिमा आणि घरातल्या थोरांच्या वस्तू ठेवतात. उंबरठ्यावर पाय देणे अशुभ समजले जाते, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मात्र गेर हे भूतकाळातले घर आहे, असे समजू नये. उलानबातरची अर्ध्याहून अधिक लोकवस्ती आजही गेर-वस्त्यांमध्ये राहते. 1999 ते 2002 आणि पुन्हा 2009-10 च्या भीषण हिवाळ्यांत लक्षावधी जनावरे गारठून आणि उपासमारीने मेली, आणि ज्यांचे कळपच उरले नाहीत अशी अनेक पशुपालक कुटुंबे आपले गेर घेऊन राजधानीच्या कडेला आली. तिथे नळ नाहीत, सांडपाण्याची सोय नाही, आणि उबेसाठी घरोघरी कोळसा जळत असल्याने हिवाळ्यात शहरावर धुराचे दाट आवरण पसरते. 2019 च्या मे महिन्यात सरकारने राजधानीत कच्चा कोळसा जाळण्यावर बंदी घातली आणि त्याऐवजी प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या विटा दिल्या. या धुराचा दोष काही जण गेरला देतात, तो मला अन्यायाचा वाटतो. मोकळ्या माळावर शेण्यांच्या जाळावर उबदार राहणारे घर हजारोंच्या संख्येने एका खोऱ्यात दाटीने बसवले आणि त्याच्यापर्यंत पाण्याची नळी व गरम पाण्याची वाहिनी नेली नाही, तर उणीव नगररचनेची आहे.

किरगिझस्तानात चित्र वेगळे आहे. तिथे बहुतेक लोक पक्क्या घरांत राहतात, पण उन्हाळा आला की मेंढ्या-घोडे घेऊन अनेक कुटुंबे उंचावरच्या कुरणांवर जातात. समुद्रसपाटीपासून सुमारे 3000 मीटर उंचीवरच्या सोन-कोल तलावाकाठी तेव्हा यर्ट उभी राहतात, आणि ती कुटुंबे पर्यटकांनाही जागा देतात. पाहुण्याला तिथे घोडीच्या दुधाचे आंबवलेले कुमिस मिळते, जाड गाद्यांवर झोप मिळते, आणि यजमानाला मेंढपाळी न सोडता चार पैसे मिळतात. विरंगुळ्यासाठी यर्टचा इतका प्रामाणिक उपयोग मला दुसरा माहीत नाही. या देशाने आपल्या राष्ट्रध्वजावरच्या सूर्यात यर्टच्या माथ्याचे चक्र रेखले आहे.

आता टिपीकडे वळू. लाकोटा, शायेन, ब्लॅकफूट, क्रो अशा मैदानी जमाती बायसन या रानबैलांच्या कळपांमागे फिरत असत, आणि त्याच बायसनच्या डझनभर किंवा त्याहून अधिक कातड्यांपासून टिपीचे आवरण शिवले जाई. ते शिवणे, उभारणे, उतरवणे ही सारी कामे बायकांची, आणि टिपीची मालकीही त्यांचीच. घोडा येण्यापूर्वी हे सामान कुत्रे ओढत असल्यामुळे टिप्या लहान होत्या. घोडे मिळाल्यावर बांबूसारखे सरळ, लांबलचक पाइनचे दांडे फरपटत नेता येऊ लागले आणि घरे मोठी झाली.

टिपी नुसता शंकू नव्हे. तिची पाठ पोटापेक्षा अधिक उभट असते. दार पूर्वेकडे ठेवतात आणि उभट पाठ पश्चिमेच्या वाऱ्याला देतात. धुराचे तोंड टोकापासून पुढच्या अंगावर उतरते, त्याच्या दोन्ही बाजूंना कानांसारख्या झडपा असतात, आणि बाहेरून लावलेल्या दोन दांड्यांनी त्या वाऱ्याप्रमाणे फिरवतात. आतून छातीइतक्या उंचीपर्यंत एक अस्तर बांधलेले असते. आवरणाच्या खालच्या फटीतून शिरणारी थंड हवा या अस्तराच्या मागून वर चढते आणि धूर आपल्याबरोबर बाहेर नेते. म्हणून आत जाळ पेटलेला असूनही माणसे मोकळा श्वास घेऊ शकतात. अस्तर काढून टाकले, तर त्याच टिपीत डोळे चुरचुरू लागतात.

1870 नंतरच्या दशकात बायसनची बेसुमार कत्तल झाली, जमातींना राखीव प्रदेशांत कोंडण्यात आले, आणि कातड्याची जागा कॅनव्हासने घेतली. रोजच्या निवासाचे घर म्हणून टिपी मागे पडली, पण ती संपली नाही. मोंटाना राज्यात क्रो लोकांची जत्रा 1904 मध्ये सुरू झाली. आजही ऑगस्टमध्ये लिटल बिगहॉर्न नदीकाठी शेकडो टिप्या उभ्या राहतात, कुटुंबे त्यांत राहतात, नाच आणि घोड्यांच्या शर्यती होतात. नेटिव्ह अमेरिकन चर्च या तिथल्या मूळनिवासींच्या धर्मपंथाची रात्रभर चालणारी प्रार्थनाही टिपीतच भरते. म्हणून एखाद्या हॉटेलने अंगणात सजावटीपुरती टिपी उभी केली की त्या लोकांना ते खुपते, आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

अमेरिकेत यर्टचे नवे रूपही रुळले आहे. जाळी लाकडाचीच असते, पण पट्ट्याऐवजी पोलादी तार, नमद्याऐवजी जलरोधक कापड, माथ्यावर पारदर्शक घुमट आणि खाली लाकडी ओटा असतो. ओरेगनच्या किनाऱ्यावरील सरकारी उद्यानांत अशी यर्ट भाड्याने मिळतात, रॉकी पर्वतांत बर्फावरून स्की करत जाणारे त्यांत मुक्काम करतात, आणि कुणी त्यांत योगवर्ग भरवतो, तर कुणी कायमचा संसार थाटतो.

आपल्याकडेही आता शेतावरच्या पर्यटनासाठी अशा राहुट्यांची चौकशी होऊ लागली आहे. तिथे माझे सांगणे स्पष्ट आहे : कोकणातल्या पावसाळ्यात यर्ट किंवा टिपी उभी ठेवू नये. ही दोन्ही घरे कोरड्या हवेची आहेत; सततच्या दमटपणात लोकर कुजते, कॅनव्हासला बुरशी धरते आणि बंद गोलाकार खोलीत हवा कोंदते. दिवाळीनंतर पठारावर, मोकळ्या माळावर ती उभी करावी, माथा उघडता येईल आणि कनातीची कड वर घेता येईल अशीच घ्यावी, चूल ठेवायची असल्यास धुराची वाट आधी तपासावी, आणि वळिवापूर्वी उतरवून, उन्हात पूर्ण वाळवून, जमिनीपासून उंच माळ्यावर ठेवावी.