शोभेचा अळू आणि परसातला चमकुरा

(दृश्य: छत्रपती संभाजीनगरमधली एक रोपवाटिका. हिरव्या शेडनेटखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा, त्यांत लाल-गुलाबी पानं.)

हे कॅलेडियम. पान थेट अळूचं, पण मधोमध गुलाबी, शिरा लाल आणि कडेला हिरवी किनार. शेजारची पानं जवळजवळ पांढरी, शिरा तेवढ्या हिरव्या. कुणी याला शोभेचा अळू म्हणतं, कुणी रंगीत अळू. ‘सावलीत ठेवा, दुपारचं ऊन लागू देऊ नका,’ एवढं सांगून रोपवाला कुंडी हातात देतो.

(दृश्य: नांदेडचा भाजीबाजार. ओल्या गोणपाटावर पानांच्या जुड्या, बाजूला मातीनं माखलेल्या अळकुड्यांचा ढीग.)

आणि हा आपला चमकुरा, म्हणजे खायचा अळू. काळपट देठाची पानं वड्यांना, हिरव्या देठाची भाजीला. पितरपाटात त्याला मागणी, ऋषिपंचमीच्या भाजीत त्याला मान. जमिनीखालच्या अळकुड्या मात्र कित्येक घरांत शिजतच नाहीत. पानं खुडली की झाडाकडं कुणी बघत नाही.

दोघं एकाच कुळातले. सुरणही त्याच कुळातला. या कुळाची खरी ओळख फुलात असते: मधे एक जाड दांडा आणि त्याभोवती गुंडाळलेलं एकच मोठं आवरण. चमकुरा आपल्याकडं क्वचितच फुलतो, म्हणून ही खूण बहुतेकांनी पाहिलेली नसते. दुसरी खूण सगळ्या कुळाची नाही, पण या दोघांत सारखी आहे आणि रोज हाताखालून जाते. देठ पानाच्या कडेला जुळत नाही. पानाच्या पोटात, थोडा आतल्या बाजूला येऊन मिळतो. कुंडीतलं पान उलटून बघा, तिथंही तेच दिसेल.

आज या दोघांना शेजारी ठेवायचं कारण आहे मराठवाड्यातलं पाणी.

(दृश्य: चमकुऱ्याचं अख्खं झाड उपटलेलं. चाकूनं कंदाचा उभा काप.)

मुळा, गाजर, बीट ही मुळं. अळकुडी मूळ नव्हे, ते जमिनीखाली राहून फुगलेलं खोड आहे. अंगावर या ज्या गोल रेघा दिसतात, त्या गळून गेलेल्या पानांच्या खुणा. मधला मोठा गड्डा आणि त्याला बिलगलेली पिल्लं. बाजारात अळकुडी म्हणून येतात ती बहुतेक ही पिल्लंच. आत स्टार्च भरलेलं असतं. त्याचे कण इतके बारीक की शिजलेली अळकुडी पचायला हलकी जाते. कॅलेडियमच्या कुंडीतही खाली असाच एक गड्डा असतो. झाडानं पुढच्या वर्षासाठी केलेली ही साठवण. एकाची साठवण माणसानं खाल्ली, दुसऱ्याची फक्त पानं बघण्यासाठी जपली.

चमकुऱ्याला माणसानं कधी जवळ केलं याचा माग फार मागे जातो. पापुआ न्यू गिनी देशात कूक नावाची पाणथळ जागा आहे. तिथल्या दगडी हत्यारांवर या कंदाच्या स्टार्चचे कण सापडले, आणि ते सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचे आहेत. 2008 साली युनेस्कोनं ती जागा जागतिक वारशात घेतली. हवाई बेटांवर याच कंदाचा लगदा कुटून ‘पोई’ करतात, तिथलं ते मुख्य अन्न होतं. ज्या झाडाला आपण मोरीच्या कडेला ढकलून दिलं, ते जगातल्या सगळ्यात जुन्या पिकांपैकी एक आहे.

कॅलेडियम इथलं नाही. त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतलं, झाडांच्या सावलीतली ओली जमीन. तिथून ते युरोपात गेलं. 19व्या शतकात फ्रान्समध्ये त्याचे संकर झाले आणि रंगांना सुमार राहिला नाही. आज त्याच्या कंदांची मोठी पैदास अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, लेक प्लॅसिड या गावाच्या आसपास होते. पानाचा पांढरा भाग हरितद्रव्याशिवायचा असतो. तो अन्न तयार करत नाही आणि कडक उन्हात पहिल्यांदा करपतो. रोपवाला ऊन टाळायला सांगतो ते यासाठी. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो आणि हवा कोरडीठाक असते. तेव्हा नुसती सावली पुरत नाही, पानांच्या कडा कागदासारख्या वाळतात.

(दृश्य: स्वयंपाकघर. पाटावर पालथं पान, देठ सोलणारे हात.)

आता खाजेबद्दल. हा भाग नीट ऐका.

दोन्ही झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या अतिसूक्ष्म सुया असतात, जुडीनं बांधल्यासारख्या. पान किंवा कंद कच्चा चावला की त्या सुटतात आणि जिभेत, घशात रुततात. चमकुऱ्याच्या सुयांवर दाह करणारं प्रथिनही असतं. पुरेसं शिजवलं की ते प्रथिन मोडतं, म्हणून चमकुरा भरपूर शिजवायचाच. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, गूळ आणि चिंचेचा कोळ घालून ही भाजी गदगदा उकळतात. चिंच टाकली म्हणून शिजवण्यात काटकसर चालत नाही. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, त्यांनी हे पान बेतानंच खावं.

कॅलेडियम शिजवूनही खायचं नाही. ते विषारी आहे. लहान मुलांनी रंगीत पान तोंडात घातलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजतात, गिळता येत नाही. अशा वेळी तोंड पुसून थंड पाण्यानं धुवा, ओकारी काढायला लावू नका आणि मुलाला दवाखान्यात न्या. श्वास घेताना त्रास होत असेल तर एक क्षणही थांबू नका. हिरव्या पानांची शोभेची झाडंही अनेक आहेत, त्यांत आणि अळूत फरक करणं जाणत्यालाही अवघड जातं. म्हणून पान कितीही ओळखीचं वाटलं तरी ज्याचं बेणं कुठून आलं हे माहीत आहे, तेवढंच चुलीवर चढवावं. घरात रांगतं मूल असेल तर कॅलेडियमची कुंडी उंचावर ठेवा.

(दृश्य: अंबाजोगाईतला एक जुना वाडा. न्हाणीच्या भिंतीतून बाहेर आलेलं दगडी नळकांडं, खाली फरशी.)

मराठवाड्यात पाऊस सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास, नांदेड-हिंगोलीकडं थोडा जास्त. तोही दर वर्षी येईल असं नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात चमकुऱ्यासारखं पाणी पिणारं झाड टिकलं कसं?

टिकलं ते न्हाणीच्या पाण्यावर. वाड्याच्या मागं, जिथं अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी बाहेर पडायचं, तिथं चमकुरा, केळ आणि कर्दळ लावायची रीत होती. घरातला हंडा आडातून शेंदून आणलेला असायचा, तरी भाजीसाठी वेगळं पाणी कुणी घालत नव्हतं. एकदा वापरलेल्या पाण्यावर दुसऱ्यांदा पीक घेतलं जायचं. कुणी योजना आखून दिली नव्हती. रोज भांडी घासणाऱ्या बायकांनी हे बसवलं आणि त्यांनीच जपलं. माझ्या मते मराठवाड्यातली ही पाणीबचतीची फार मोलाची रीत आहे. तिची नोंद माझ्या तरी पाहण्यात आली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग परसात फरशी आली, न्हाणीचं पाणी पाइपातून गटारीत गेलं. घरं फ्लॅटची झाली. चमकुरा भाजीवाल्याकडून विकत घेण्याची वस्तू झाला. आणि बाल्कनीतल्या सावलीत त्याचाच लांबचा भाऊबंद आला, टँकरच्या किंवा नळाच्या पिण्याच्या पाण्यावर.

कॅलेडियमवर माझा राग नाही. पावसाळ्यात, अंधाऱ्या जिन्याशी ती पानं उमलतात तेव्हा घर उजळतं, आणि दुष्काळी भागातल्या माणसानं रंगाची हौस करू नये असं कुणी म्हणू नये. फक्त ते झाड त्याच्या चालीनं वाढवावं. ते वर्षभर हिरवं राहणारं नाही. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, त्याच्या आधीच कॅलेडियमची पानं लोळायला लागतात. झाड मेलं समजून लोक तेव्हा पाणी वाढवतात, आणि कंद कुजतो. पिवळेपणा दिसला की पाणी तोडा. माती कोरडी होऊ द्या, कुंडी कोपऱ्यात सरकवा. उन्हाळ्यात त्याला लवकर उठवायची घाई नको. मृगाच्या तोंडावर पाणी द्या, कोंब वर येईल. टंचाईच्या महिन्यांत या झाडाला तांब्याभरही पाणी लागत नाही. ही त्याची खरी लायकी, आणि ती आपल्या भागाला सोयीची आहे.

(दृश्य: नांदेड जिल्ह्यातलं एक गाव. घरासमोर शोषखड्डा, त्याच्या काठाला ओली माती.)

चमकुऱ्याचं परत येणंही अवघड नाही. एक अडचण मात्र खरी आहे: साचलेल्या सांडपाण्यात डास होतात. नांदेड जिल्ह्यातल्या कित्येक गावांनी शोषखड्डे घेतले ते त्यासाठीच, आणि ते योग्यच झालं. तेव्हा डबकं नको. अंघोळीचं आणि भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी आधी वाळू-खडीच्या थरातून जाऊ द्या, मग ते चमकुऱ्याच्या वाफ्याला लावा. संडासाचं पाणी किंवा गावची गटार तिथं येता कामा नये. कपड्यांचं तीव्र पावडरीचं पाणीही वेगळं काढा.

काळी माती पाणी धरून ठेवते, तेवढी ओल चमकुऱ्याला पुरते, पण तिच्यात कंद फुगायला जड जातं. शेणखत आणि थोडी वाळू मिसळली की काम सोपं होतं. बेणं बाजारातल्या अळकुड्यांचंच चालतं. बोटाएवढ्या, कोंब डोकावणाऱ्या अळकुड्या निवडा आणि जूनमध्ये वितीवर एक अशा लावा. आषाढापासून पानं मिळतात. मात्र कंद हवा असेल तर सगळी पानं खुडू नका, प्रत्येक झाडावर चार-पाच ठेवा. खालचा गड्डा त्यांच्याच जिवावर भरतो. सहा-सात महिन्यांनी पानं पिवळी पडून लवंडली की खणायला घ्या. मोठे गड्डे आणि जाड पिल्लं घरात, लहान पिल्लं राखेत घोळून टोपलीत, सावलीत, पुढच्या जूनसाठी.