मतपत्रिकेच्या तळाशी

[दृश्य: जवळून हात, कात्री, पानं]

टेंभुर्णीचं पान ओल्या फडक्यात ठेवायचं, कोरडं पान वळताना फाटतं. पत्र्याचा तुकडा मापाला धरून कात्री फिरवायची. चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक पीळ, टोक नखानं मुडपायचं, वर दोऱ्याचे दोन वेढे. मावशी बघा, सुपाकडे त्यांची नजरसुद्धा नाही.

हे चित्रण सोलापूरचं. आपली गोष्ट केरळच्या कासरगोड जिल्ह्यातली, विड्या वळणाऱ्या आणि पुढे अमेरिकेत मतं मागून जज्ज झालेल्या एका मुलाची. पण विडी वळणारे हात इथूनतिथून सारखेच.

सुरेंद्रन के. पटेल. आडनावावर जाऊ नका, माणूस पक्का मल्याळी. आईवडील रोजंदारीवर. शाळकरी सुरेंद्रन बहिणीबरोबर विड्या वळायचा. दहावीनंतर शिक्षण थांबलं आणि वर्षभर नुसती विडीच. मग पुन्हा कॉलेज धरलं, पण पोटासाठी काम चालूच. हजेरी भरेना, प्राध्यापक परीक्षेला बसू देईनात. एकदा बसू द्या म्हणून त्यानं गयावया केली. निकाल लागला तेव्हा हाच पहिला.

कोळिकोडच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकताना हॉटेलात साफसफाईची नोकरी केली. १९९५ मध्ये पदवी घेतली, कासरगोड जिल्ह्यातल्याच होसदुर्गच्या कोर्टात वकिली सुरू केली आणि पुढे दिल्लीत थेट सुप्रीम कोर्ट गाठलं.

[दृश्य: ह्यूस्टन, रात्रीचे रस्ते, दुकानाची पाटी]

२००७. पत्नी नर्स, त्यांना अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनच्या रुग्णालयात नोकरी मिळाली. सगळं कुटुंब तिकडे. सुप्रीम कोर्टात उभा राहिलेला वकील किराणा दुकानात कामाला लागला, कारण इथली सनद तिथे चालत नाही. मग टेक्सासची बार परीक्षा, म्हणजे तिथल्या वकिलीच्या परवान्याची. २०११ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाची एलएलएम. २०१७ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व.

[दृश्य: रिचमंड गाव, घुमटाचं जुनं कोर्ट]

ही फोर्ट बेंड काउंटी, काउंटी म्हणजे तिथला जिल्हा. ह्यूस्टनच्या अंगाला लागून, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या घरात. आशियाई वंशाची माणसं इथे मोठ्या संख्येनं राहतात.

आपल्याकडे न्यायाधीश व्हायचं तर एमपीएससीची जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाची परीक्षा द्या, नाहीतर सात वर्षं वकिली करून जिल्हा न्यायाधीशाच्या भरतीत उतरा. मत मागणारा जज्ज आपल्या कल्पनेत बसत नाही. टेक्सासमध्ये मात्र जज्जाला पक्षाचं तिकीट लागतं. आधी पक्षांतर्गत निवडणूक, मग खरी. फलक लावा, दारोदार फिरा, देणग्या गोळा करा. एवढं करून नाव छापलं जातं लांबलचक मतपत्रिकेत पार खाली, जिथपर्यंत पोचताना मतदार कंटाळलेला असतो.

२०२२ मध्ये पटेल २४० व्या डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी उभे राहिले. त्यांच्या उच्चारांची टिंगल झाली. हा निवडून येईल असं स्वपक्षातल्यांनाही वाटत नव्हतं. मार्चमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या निवडणुकीत त्यांनी खुर्चीवर बसलेल्या जज्जालाच हरवलं. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवार एडवर्ड क्रेनेक यांना.

[दृश्य: मतदान यंत्रं, रांग]

जानेवारी २०२३ मध्ये शपथ झाली. गंमत अशी, की त्याच काउंटीत पुन्हा निवडून आलेल्या जज्ज ज्यूली मॅथ्यू, त्याही केरळच्याच, त्यांनी शपथ घेतली ती कासरगोड जिल्ह्यातल्या घरून, व्हिडिओवरून.

पटेलांच्या कोर्टात गंभीर फौजदारी खटले चालतात, मोठे दिवाणी दावेही. शिक्षा सुनावणाऱ्यानं मतं मागावीत का, त्याच्या प्रचाराला वकिलांनी पैसे द्यावेत का, यावर टेक्सासमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू आहे. पद्धत मात्र तीच आहे. मुदत चार वर्षांची, मग पुन्हा तिकीट, पुन्हा दारोदार.