गोवळकोट ते दाभोळ, अष्टमीच्या पाण्यावर

नमस्कार श्रोतेहो.

चिपळूणजवळच्या गोवळकोटहून शिडाच्या होडीने वाशिष्ठी उतरायची, वाटेत दोन मुक्काम करायचे आणि तिसऱ्या दिवशी दाभोळ गाठायचं, असा बेत सांगितला की समोरचा पहिल्यांदा विचारतो, किती किलोमीटर? नदीच्या वळणावळणांनी ४०-४५. पण या आकड्यावरून काहीच ठरत नाही. खाडीतलं पाणी दिवसातून दोनदा उलटं फिरतं. म्हणून आधी तिथी बघायची, नकाशा मागाहून.

किनाऱ्यावरच्या मंडळींना जुना ठोकताळा ठाऊक असेल. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. निघताना छापील वेळापत्रक जवळ हवंच, पण घरी बसून बेत आखायला एवढं पुरतं.

हौशी माणूस म्हणतो, उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीला निघू, पाण्याला ओढ असते. ओढ असते, कबूल. पण वाऱ्याचं काय? हिवाळ्यात पहाटेपासून दहा-साडेदहापर्यंत मतलई वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे आपल्या पाठीवर. दुपारी खारा वारा सुटतो, तो थेट तोंडावर. पौर्णिमेला भरती दुपारच्या सुमारास पूर्ण होणार, म्हणजे उजेडातली ओहोटी नेमकी खाऱ्या वाऱ्याच्या वेळी. वारा आणि पाणी समोरासमोर भिडले की खाडीच्या रुंद भागात आखूड, उभ्या लाटा उठतात आणि शीड गुंडाळून वल्ही हाणत बसावं लागतं. अष्टमीला भरती सहाला. पुढे बारापर्यंत ओहोटी, आणि तिचे पहिले चार तास मतलईचे. पाणी भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, ओढ बेताची, तरी माझं मत अष्टमीलाच.

त्याला आणखी एक कारण आहे. उधाणाच्या ऐन भरतीला होडी चिखलात रुतली, तर पुढच्या भरत्या रोज कमीच चढतात. पंधरवडाभर तिथेच बसायची पाळी येऊ शकते. भांगाला रुतली, तर दोन-तीन दिवसांत चढतं पाणी तिला आपसूक उचलतं. त्यातही वद्य अष्टमी घ्यावी. पहाटे चंद्र डोक्यावर असतो आणि नांगर उचलताना विजेरी शोधावी लागत नाही. तेव्हा मार्गशीर्ष, पौष किंवा माघ, वद्य सप्तमी ते नवमी.

एक बारकावा मात्र लक्षात घ्या. भरती-ओहोटी मुखाशी आधी आणि वर उशिरा पोचते. दाभोळला पाणी उतरू लागलं तरी गोवळकोटला ते अजून चढतच असतं. खाली जाणाऱ्याला मात्र याचा तोटा होतो. तो जसजसा मुखाकडे सरकतो, तसतशी नवी भरती त्याला लवकर गाठते आणि ओहोटी आखूड पडते. त्यामुळे सहा तासांच्या हिशेबात चारच तास आपले धरायचे. ताशी तीन-चार किलोमीटर म्हटलं, तर सकाळी १२ ते १६ किलोमीटर. तीन सकाळी लागतात त्या अशा. शिवाय कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं पाणी पोफळीकडून याच नदीत येतं. वीजनिर्मिती जोरात असेल तर वरच्या भागात ओढ वाढते. नदी काही निव्वळ चंद्राच्या हुकमात नाही.

पहिला मुक्काम मालदोलीच्या आसपास. इथे मगरी आहेत, आणि ओहोटीला त्या चिखलावर पसरून ऊन खातात. पाण्यात पाय सोडून बसणं, चिखलातून चालत काठ गाठणं, दोन्ही वर्ज्य. झोपायचं होडीतच. नांगराची दोरी मोजताना आताची खोली धरू नका. भरतीला होणारी खोली धरा आणि तिच्या पाचपट तरी दोरी सोडा. पुलाखालून किंवा विजेच्या तारांखालून जायचं असेल, तर डोलकाठीची उंचीही भरतीच्याच पाण्यावरून मोजायची. मच्छीमारांच्या खुंटांना बांधलेली जाळी अंधारात दिसत नाहीत. वाटेवरच्या गावात आदल्या संध्याकाळी विचारून ठेवावं. गोडं पाणी घरूनच भरून घ्या.

पुढे खेडची जगबुडी येऊन मिळते आणि पात्र रुंदावतं. कोटजाई नदीने वर गेलं तर पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत, मोह होतो. पण त्या फाट्यात शिरायला भरती हवी, म्हणजे आपल्या वेळापत्रकाच्या बरोबर उलट. लेणी दुसऱ्या खेपेला, रस्त्याने.

दाभोळला थांबायचं. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीजांनी जाळलं ते हेच बंदर. समोर अंजनवेलचा गोपाळगड, मधून धोपाव्याची फेरीबोट, तिला वाट द्यावी. मुखाशी वाळूचा दांडा आहे. लहान होडी घेऊन तो ओलांडायच्या भानगडीत पडू नका. बंदर कार्यालयाला आधी कळवलेलं असावं, आणि लाइफ जॅकेट शेवटच्या धक्क्यापर्यंत अंगावरच.

होडी परत न्यायची असेल, तर टेम्पो शोधू नका. याच तिथींना दुपारी बारापासून भरती चढते आणि खारा वारा पाठीवर येतो. वर जाणाऱ्याला भरती लांबत जाते, त्यामुळे दोन दुपारींत गोवळकोट गाठता येतं.