भांड्यावरचं नाव

बेळगावात, टिळकवाडीतल्या महिला वाचकांच्या मेळाव्यात 'हॅरिएट क्रेग' हा जुना अमेरिकी चित्रपट दाखवल्यानंतर दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या पुरुष मंडळींनो,

आत्ता दिवे लागले तेव्हा मला पहिला उद्गार ऐकू आला तो 'बाई गं, काय खाष्ट बाई आहे!' असा. खरं आहे. हॅरिएट खाष्ट आहे. नवऱ्याला जपानला पाठवायचं ठरतं तेव्हा ती त्याच्या मालकाकडे जाते आणि पैशाच्या बाबतीत याच्यावर विसंबू नका असं स्वतःच्या नवऱ्याबद्दल सांगून येते. मामेबहीण म्हणा, चुलतबहीण म्हणा, ती क्लेअर घरात राबते. तिचं जमत आलेलं लग्न ही मोडते, तेही दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगून. मूल होणार नाही असं नवऱ्याला सांगितलेलं असतं, तेही खोटं. हे सगळं माफ करा असं मी म्हणणार नाही. क्लेअरच्या जागी तुमची-माझी मुलगी असती तर आपण त्या बाईचा उंबरठा ओलांडला नसता.

तरी मी आज उभी आहे ती तिच्याविषयी बोलायलाच.

हा चित्रपट 1950 सालचा. जोन क्रॉफर्ड हॅरिएट झाली आहे, दिग्दर्शक व्हिन्सेंट शेर्मन. पण गोष्ट त्याहून जुनी आहे. जॉर्ज केली या नाटककारानं ती 1925 साली रंगभूमीवर आणली, दुसऱ्या वर्षी त्याला तिच्यासाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं. 1936 साली तिच्यावर डोरोथी आर्झनरनं चित्रपट केला. त्या काळात हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंत दिग्दर्शिका म्हणून जवळजवळ ती एकटीच होती. नाटकाचं आणि त्या चित्रपटाचं नाव होतं 'क्रेग्ज वाइफ', म्हणजे क्रेगची बायको. जिच्याभोवती सगळं फिरतं तिचं नाव पाटीवर नाही. पंचवीस वर्षांनी पाटीवर 'हॅरिएट' आलं, पण क्रेग मागं राहिलाच. आणि जोन क्रॉफर्ड तरी कुठं तिचं नाव होतं? जन्मनाव ल्युसिल लेस्यूर. 1925 सालीच स्टुडिओनं एका मासिकातून वाचकांची स्पर्धा लावून तिचं नाव बदललं. तिला ते आवडलं नव्हतं. तान्ही असतानाच बाप सोडून गेलेला, शिक्षणाच्या बदल्यात शाळेत झाडलोट करून वाढलेली ही मुलगी. पडद्यावर हॅरिएट आपल्या बापाबद्दल बोलते तेव्हा ती कोरडी बोलते, रडत नाही. मला तो प्रसंग दरवेळी फार जड जातो.

आता रंगाबद्दल. आज आपण जी प्रत पाहिली ती रंगवलेली होती. मूळ चित्रपट काळापांढरा. समोरच्या रांगेतल्या मुली शेवटपर्यंत बसल्या त्या रंगामुळे, हे मला कळतं, आणि त्या बसल्या याचा आनंद आहे. आपल्याकडेही 'मुगल-ए-आझम' 2004 साली पूर्ण रंगीत होऊन आला, 'नया दौर' 2007 साली, तेव्हा नवी पोरं थिएटरात गेलीच की. अमेरिकेत मात्र 1980 च्या दशकात यावरून मोठी भांडणं झाली. जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकाचा 1950 सालचाच एक चित्रपट रंगवून फ्रान्समध्ये टीव्हीवर दाखवायला निघाले. त्याच्या वारसांनी खटला चालवला आणि 1991 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं वारसांची बाजू घेतली.

भांडण कशाचं, ते नीट समजून घेऊ. काळ्यापांढऱ्या फिल्मवर उजेड किती होता ते उतरतं, रंग कोणता होता ते उतरत नाही. तांबडं लुगडं आणि हिरवं लुगडं एकाच राखाडीत उतरू शकतं. त्यामुळे राखाडीवरून मागं जाऊन रंग सापडत नाही, तो कुणीतरी ठरवावा लागतो. पूर्वी दृश्यातल्या एका चौकटीला माणूस रंग ठरवून द्यायचा आणि संगणक तो पुढच्या चौकटींवर पसरायचा. आता असंख्य रंगीत चित्रांवर शिकलेला संगणक स्वतःच अंदाज बांधतो. बहुतेक ठिकाणी जे असतं तेच इथंही असणार, असा तो अंदाज.

हे मला माझ्या आत्याच्या फोटोवरून कळलं, संगणकावरून नाही.

आत्या निपाणीला दिलेली. लग्नानंतर दोघं बेळगावला येऊन स्टुडिओत फोटो काढून गेली. त्या काळी फोटोवर हातानं रंग देत. काडीला कापूस गुंडाळून, पातळ तेलरंगानं, गाल गुलाबी, कुंकू तांबडं. आत्या नेसली होती शहापूरच्या विणकराकडची काळी चंद्रकळा, तिच्या आईनं पै पै जमवून घेतलेली. रंगवणाऱ्यानं ती तांबडी केली. नवी नवरी, तेव्हा तांबडीच असणार. पन्नास वर्षं तो फोटो भिंतीवर होता आणि कुणीही पाहुणा त्याच्यासमोर थांबला की आत्या आतून सांगायची, "साडी तांबडी नव्हती हं ती."

या आत्याचं घर म्हणजे क्रेगचंच घर. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, तंबाखूच्या वखारीत कामाला. संध्याकाळी आले की पुढच्या दारानं प्रवेश नाही. मागच्या दारी कपडे उतरायचे, अंगावर चार तांबे पाणी घ्यायचं, मग घरात. तंबाखूची धूळ तिच्या घरात शिरता कामा नये. सोप्यात एक काचेचं कपाट होतं, त्यात काचसामान, आणि आम्हा पोरांना त्याच्यापासून दोन हात लांब बसवायची. "पाय धुतलेस नव्हं? मग ये." तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' म्हणतात तशी ती म्हणायची, "मी पुसून पुसून मरतो आणि तुम्ही हात लावता." मामांचे स्नेही हळूहळू यायचे बंद झाले. मामा रात्रीचं जेवण झालं की समोरच्या मारुतीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे, दहा वाजेपर्यंत. लोक म्हणायचे, बायकोच्या ताटाखालचं मांजर. आम्ही पोरंही हसायचो. त्याची मला आज लाज वाटते.

आणि भांडी. तांब्यापितळेची भांडी फडताळात उतरंडीनं लावलेली, चिंचेनं घासून लखलखीत. आठवडी बाजाराच्या दिवशी भांड्यांवर नावं घालणारा यायचा. छोटी छिन्नी, छोटी हातोडी, टिकटिक करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटवायचा. अक्षरावर पैसे. बायका पैसे वाचवायला नवऱ्याच्या नावाची आद्याक्षरं आणि आडनाव घालून घ्यायच्या. आत्या प्रत्येक भांड्यावर स्वतःचं नाव घालायची. नवऱ्याचं नाही, आडनाव नाही, सौभाग्यवती नाही. माहेरचं तिचं एकटीचं नाव. लग्नात नाव बदललं होतं, तरी हे. ती त्याच्यासमोर उकिडवी बसून राहायची आणि शेवटचा ठिपका पडल्याशिवाय उठायची नाही.

का, ते मला वडिलांनी फार उशिरा सांगितलं. आजोबा खानापूर तालुक्यातल्या गावी वारले तेव्हा आत्या बारा वर्षांची, वडील सहा वर्षांचे. साल 1940. नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मर्यादित का होईना, हक्क देणारा कायदा 1937 सालीच झाला होता. माझ्या आजीला तो कुणी सांगितला नाही. दिरानं महिन्याभरात घराबाहेर काढलं. आजी चूल मांडायला दोन भांडी घेऊन निघाली तर त्यानं अंगणात तिच्या हातातून घागर घेतली, उलटी केली आणि म्हणाला, "नाव वाच कुणाचं आहे." नाव पणजोबांचं होतं. आजीला वाचता येत नव्हतं. आत्याला येत होतं. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

म्हणून मला हॅरिएट खाष्ट दिसते तशी भेदरलेलीही दिसते. नाटकात ती भाचीला सरळ सांगते की मी लग्न केलं ते स्वतंत्र व्हायला, कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून. घर नवऱ्याचं, पैसा नवऱ्याचा, आणि तिच्या हातात काय, तर त्या घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवण्याचा हुकूम. तो हुकूम तिनं शेवटच्या टोकापर्यंत चालवला. फुलदाणी सरकली की तिचा जीव सरकतो. नवरा ती फुलदाणी फोडतो तेव्हा थिएटरात लोक सुखावतात, आपल्याकडेही मघाशी टाळी पडली. त्या टाळीत मी नव्हते. वॉल्टर चांगला माणूस आहे, त्याच्यावर अन्याय झाला आहे. पण त्याच्यापाशी जायला बाहेरचं जग आहे, नोकरी आहे, स्वतःचं नाव आहे. हॅरिएट घरासकट मागं उरते.

रंगीत प्रतीनं माझं नुकसान केलं ते इथं. पहिली वीस मिनिटं मी हॅरिएटकडे पाहिलंच नाही. पडदे पाहिले, सोफा पाहिला, भिंती पाहिल्या. असा दिवाणखाना आपला असता तर, असंही मनात आलं. काळ्यापांढऱ्या प्रतीत ते घर थंडगार लागतं, दागिन्यांच्या दुकानासारखं, आणि त्यात फिरणारा तिचा चेहराच तेवढा उजळ असतो. घरी जमलं तर टीव्हीचा रंग पूर्ण उतरवून हा चित्रपट एकदा पाहा. शेवटची दहा मिनिटं तरी.

एक गोष्ट सीमेच्या निमित्तानं बोलते. आपल्या भागात भाषेवरून, राज्यावरून इतकी वर्षं वाद चालू आहेत, पण मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती कर्नाटकानंही 1994 साली केली आणि महाराष्ट्रानंही 1994 सालीच. देशभर ती 2005 साली झाली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बहिणींना तो हक्क मिळाला आणि दोन्ही बाजूंच्या बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्याही घेतल्या गेल्या. या सभागृहात त्यावर सही केलेल्या किती जणी आहेत ते मी विचारणार नाही. मी केलेली आहे. भाऊबीज तुटेल म्हणून केली. आज केली नसती. मुलींनो, कागद पुढे आला की घरी नेऊन वाचा, चार दिवस घ्या, वकिलाला दाखवा. भाऊ खरा असेल तर चार दिवसांत तुटत नाही.

आत्या गेली तेव्हा घर मामांच्या पुतण्यांकडे गेलं. तिला मूल नव्हतं. भांडी मोडीत घातली; स्टीलच्या दिवसांत तेवढं पितळ कोण घासणार. मी पोचले तेव्हा तराजू लागला होता. मी एक तांब्या मागून घेतला.

तो मी आज पिशवीत घालून आणला आहे. इथं टेबलावर ठेवते. चहाला उठताना हातात घेऊन बघा. नाव गळ्याच्या खाली आहे. घासून घासून डोळ्यांना आता दिसत नाही, अंगठा फिरवला की ठिपके लागतात.