वारा एकीकडे, पाणी दुसरीकडे

वाऱ्यामुळे समुद्राचे खालचे गार पाणी किनाऱ्याशी वर कसे येते आणि ते संगणकाच्या मॉडेलमध्ये कसे उतरवतात, हा आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेत छापलेला विषय आहे आणि त्याकडे मी येणारच आहे; परंतु नान्सेनची गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. 1893 मध्ये नान्सेन या नॉर्वेच्या संशोधक-प्रवाशाने ‘फ्राम’ हे जहाज आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम अडकवून घेतले. बर्फाबरोबर वाहत असताना त्याच्या ध्यानात आले, की बर्फ वाऱ्यामागे सरळ न जाता 20 ते 40 अंश उजवीकडे कलून सरकतो. परतल्यावर त्याने हे कोडे भौतिकशास्त्रज्ञ ब्यर्कनेस यांच्यापुढे ठेवले आणि त्यांनी ते एकमान नावाच्या विद्यार्थ्याकडे सोपवले. (ही परंपरा किती जुनी आहे, याची मागच्या रांगेतल्या संशोधक विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी.) एकमानने दाखवले, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात पाण्याचा प्रत्येक थर वरच्यापेक्षा अधिक उजवीकडे आणि अधिक मंद वाहतो, सर्व थरांची बेरीज केली, तर एकूण वहन वाऱ्याशी काटकोनात निघते.

पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणाऱ्या वाऱ्याच्या उजवीकडे खुला अरबी समुद्र आहे. वरचे पाणी तिकडे गेले, की पोषकद्रव्यांनी भरलेले, पण प्राणवायू कमी असलेले पाणी खालून वर येते; यालाच ‘अपवेलिंग’ म्हणतात. माझी जुनी तक्रार अशी, की उपग्रहाचा रंगीत नकाशा दाखवून ‘गोव्यासमोर पाणी गार नाही, म्हणजे अपवेलिंग नाही’ असे विद्वान मंडळीही ठासून सांगतात. अहो, कोकणात आणि गोव्यात पाऊस आणि नद्या मिळून इतके गोडे पाणी ओततात, की समुद्रावर पाच-दहा मीटरांचा हलका थर पसरतो आणि गार पाणी त्याखालीच अडते! उपग्रहाला दिसते ती केवळ वरची साय. तापमापी सोडून पाहा, काही मीटरांतच पारा झपकन उतरतो. काही वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाजवळच्या नमुन्याची बाटली उघडली, की सडक्या अंड्यांचा वास येतो, कारण प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला असतो. समुद्रशास्त्रज्ञ नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये हे जगापुढे मांडले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे मूळ विषय आता धावत्या गाडीतून पाहू. वाऱ्याच्या ताणाला (म्हणजे वारा पाण्याला ज्या जोराने ओढतो त्याला) पाण्याची घनता आणि कोरिऑलिस गुणांक (पृथ्वीच्या फिरण्याचा त्या अक्षांशावरचा परिणाम सांगणारा आकडा) यांच्या गुणाकाराने भागले, की किनाऱ्याच्या दर मीटरमागे किती पाणी बाहेर गेले ते कळते. 10 अंश अक्षांशावर 0.05 न्यूटन प्रति चौरस मीटर ताणाला सेकंदाला सुमारे 2 घनमीटर. मात्र हा हिशेब केवळ स्थानिक वाऱ्याचा आहे. श्रीलंकेभोवतीच्या आणि बंगालच्या उपसागरावरच्या वाऱ्याने उठलेल्या केल्विन लाटा, म्हणजे किनाऱ्याला बिलगून धावणाऱ्या लांबच लांब लाटा, किनारा उजव्या हाताला ठेवून कन्याकुमारीला वळसा घालतात आणि आपल्याकडे येतात, हे मॅकक्रीरी, कुंडू आणि मोलिनारी यांच्या 1993 च्या मॉडेलने दाखवले. हिवाळ्यात आपला किनारी प्रवाह वाऱ्याविरुद्ध उत्तरेकडे वाहतो, तोही केवळ स्थानिक वाऱ्याने उलगडत नाही. म्हणून मॉडेलची हद्द कन्याकुमारीशी कापू नये. मॉडेल समुद्राची चौकोनी घरांत वाटणी करते; एक अंशाच्या चौकटीतले घर सुमारे 110 किलोमीटरांचे असते आणि कोचीसमोरची सगळी समुद्रबूड जमीन (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) त्या एकाच घरात गडप होते, तेव्हा चौकट बारीक हवी. आणि नद्यांचे गोडे पाणी वगळले, तर गोव्यासमोर मॉडेलचे गार पाणी थेट पृष्ठभागावर येऊन बसते. उरलेली समीकरणे चहाच्या वेळी.