वाळवलेल्या मातीची साक्ष

मित्रहो, आपल्या रत्नागिरीत जोत्यासाठी चर खणला की जुना गवंडी आधी मातीचा एक गोळा उचलतो, तांब्यातले चार थेंब पाणी त्यावर टाकतो, तळहातावर मळतो आणि सांगतो, ‘ही धरेल’ किंवा ‘ही दगा देईल’. अभियंता हेच करतो. फरक एवढाच की त्याचे मत दुसऱ्या गावातल्या, ती माती कधीही न पाहिलेल्या अभियंत्याला कागदावरून कळायला हवे. त्यासाठी भारतात आय. एस. १४९८ या मातीच्या वर्गीकरणाच्या भारतीय मानकाची अक्षरे वापरली जातात, म्हणजे मातीच्या प्रत्येक प्रकाराला दिलेली इंग्रजी अक्षरांची खूण, आणि ती अक्षरे कोठे खरी ठरतात व आपल्या जांभ्याच्या मातीत कोठे फसवतात, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पहिला प्रश्न कणांच्या आकाराचा. ८० मिलिमीटरपासून ४.७५ मिलिमीटरपर्यंतचा कण म्हणजे ग्रॅव्हल (खडी), तिथून ७५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाळू, ७५ ते २ मायक्रॉन सिल्ट (बारीक गाळ) आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. ७५ मायक्रॉनची चाळणी ही या सगळ्या पद्धतीची वेस आहे. वजनाने निम्म्याहून अधिक माती या चाळणीवर राहिली तर ती भरड, निम्म्याहून अधिक खाली गेली तर बारीक. भरड मातीत पुढे मुख्यतः हे पाहतात की लहानमोठे सगळे कण आहेत, की सगळे एकाच मापाचे आहेत. आपल्या समुद्रकाठची पुळण लाटांनी इतकी निवडलेली असते की तिच्यातले कण जवळजवळ सारखेच असतात. म्हणून दिसायला सुरेख असूनही तिला ‘एसपी’, म्हणजे वाईट प्रतवारीची वाळू, असे नाव मिळते. इथे चाळणीच्या दोन मर्यादाही लक्षात येतात. आपल्या काही किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज असते आणि ते गारेच्या वाळूहून पाऊणपटीने जड असते, पण चाळणीला जडपणा कळत नाही. शिवाय वाळूत शिंपल्यांचे तुकडे असले तर यंत्रावर दहा मिनिटे हलवताना ते फुटतात आणि आपण मोजायला बसलेला आकार मोजतानाच बदलतो. ही दुसरी अडचण लक्षात ठेवा. जांभ्यात ती मोठ्या रूपात भेटते.

बारीक मातीत मात्र आकार विचारून फारसे काही हाती लागत नाही. तिची ओळख पाण्याने पटते. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ ॲल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ च्या सुमारास हे नेमके मांडले, की हळूहळू पाणी मिसळत गेले असता माती आधी घट्ट, मग मळता येण्याजोगी आणि शेवटी वाहती होते, आणि या अवस्था बदलताना तिच्यात किती टक्के पाणी असते हा आकडा त्या मातीचा स्वभाव सांगतो. पुढे १९३२ मध्ये आर्थर कॅसाग्रांडे यांनी लिक्विड लिमिटची, म्हणजे माती वाहती होऊ लागते त्या सीमेची, चाचणी पितळी वाटीवर बसवली. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली माती लोण्यासारखी कालवून वाटीत भरायची, खाचणीने मधोमध चर पाडायचा आणि हँडल सेकंदाला दोन फेऱ्यांच्या वेगाने फिरवायचे. प्रत्येक फेरीला वाटी एक सेंटिमीटर उचलली जाऊन खाली आपटते, आणि दोन्ही काठ कुशीवर वळल्यासारखे एकमेकांकडे सरकू लागतात. पंचविसाव्या ठोक्याला चर तळाशी बारा मिलिमीटर मिटला, तर त्या वेळचे पाणी म्हणजे लिक्विड लिमिट. प्लॅस्टिक लिमिटला, म्हणजे माती मळता येण्याजोगी होते त्या सीमेला, तर यंत्रही नाही. काचेवर बोटांनी मातीची वात वळायची. ती तीन मिलिमीटर जाडीची होताहोताच तडकून तुटू लागली की थांबायचे. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे आकार्यता निर्देशांक; आकार्यता म्हणजे मातीला मळून आकार देता येण्याचा गुण.

चिकणमाती कोणती आणि सिल्ट कोणती, हे कॅसाग्रांडे यांनी एका आलेखावरच्या तिरप्या रेषेने ठरवले, जिला ए-रेषा म्हणतात. लिक्विड लिमिटमधून २० वजा करून ०.७३ ने गुणले की त्या ठिकाणची रेषेची उंची मिळते. समजा, लिक्विड लिमिट ६० आले, तर रेषा २९.२ वर आहे. निर्देशांक ३५ असेल तर माती रेषेच्या वर, म्हणजे ‘सीएच’, जास्त आकार्यतेची चिकणमाती; तो २२ असेल तर खाली, म्हणजे ‘एमएच’, जास्त आकार्यतेची सिल्ट. लिक्विड लिमिट ३५ च्या आत असले तर आकार्यता कमी, ३५ ते ५० मध्यम, त्यापुढे जास्त. जागेवर हाच निवाडा तळहातावर करता येतो. खाडीकाठचा ओला गाळ तळहातावर पसरून दुसऱ्या हाताने खालून चापट्या मारा. सिल्ट असेल तर वर पाणी येऊन पृष्ठभाग चकाकतो, आणि मूठ आवळताच ती चकाकी विझते. चिकणमाती मख्ख राहते.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात डोंगरकापणीच्या जागेवरून तांबड्या मातीचे पोते आले. ऊन नव्हते, अहवालाची घाई होती, म्हणून मी माती रात्रभर १०५ अंशांच्या भट्टीत वाळवून चाचणी केली आणि ‘मध्यम आकार्यता’ लिहून मोकळा झालो. आठवड्याने पोत्याच्या तळाशी राहिलेली ओली माती एका वरिष्ठांनी तशीच, न वाळवता, कालवून तपासली, तर ती सरळ पन्नाशीपलीकडे गेली. माती तीच होती, अक्षरे बदलली होती.

कारण मातीच्या घडणीत आहे. फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात मलबारच्या जांभ्याला लॅटिनमधल्या ‘वीट’ या शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिले, कारण तो जमिनीत असताना सहज कापता येतो आणि हवेत कठीण होतो. आपल्या चिरेखाणीत हे रोज दिसते. त्याच्या मातीतही तसेच काहीसे घडते: लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे बारीक कणांना वाळताना एकमेकांशी जखडून टाकतात, आणि हॅलॉयसाइट हे खनिज असेल तर त्याच्या थरांमधले पाणी एकदा तापवून गेले की परत शिरत नाही. मग चिकणमाती चाचणीत सिल्टसारखी, सिल्ट वाळूसारखी वागू लागते. उलट, कालवताना जास्त वेळ रगडले तर तेच पुंजके फुटून आकडा वर चढतो.

गंमत अशी की हाच फरक दुसरीकडे खूण म्हणून वापरतात. अमेरिकी पद्धतीत भट्टीतल्या मातीचे लिक्विड लिमिट न वाळवलेल्या मातीच्या तीन चतुर्थांशांहून कमी आले, तर ती सेंद्रिय समजतात. आपल्या खाजणातल्या काळ्या, कुजकट वासाच्या चिखलाला ही कसोटी योग्य आहे. पण नुसता आकडा पाहणारा माणूस तिच्यावरून डोंगरातली तांबडी मातीसुद्धा सेंद्रिय ठरवू शकेल. रंग आणि वास नोंदवायचा रकाना रिकामा सोडू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

म्हणून जांभ्याच्या पट्ट्यातला नमुना खणल्याबरोबर प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून आणावा, ओलाच तपासावा, आणि माती वाळवली की नाही, वाळवली तर सावलीत की भट्टीत, किती वेळ कालवली, हे आकड्याशेजारी लिहावे. समोरच्या टेबलावर दोन डबे आहेत. काल सकाळी एकाच चरातून काढलेली माती, एका डब्यात ओली, दुसऱ्यात भट्टीतून काढून पुन्हा कालवलेली. वाटीही आणली आहे. ज्यांना हँडल फिरवून ठोके मोजायचे आहेत त्यांनी पुढे यावे, आणि ओल्या डब्यापासून सुरुवात करावी.