अर्धवट राहिलेली डीव्हीडी टाकून देऊ नका

यूएसबीला जोडायच्या बाहेरच्या डीव्हीडी रायटरवर बॅकअप घेताना तो फसला की आपण काय करतो? डिस्क बाहेर काढायची, चरफडत कचऱ्यात टाकायची आणि नवी घालायची. तीही फसते. स्पिंडलमधल्या अशा चार-पाच गेल्या की मग रायटरला शिव्या. म्हणून आज सुरुवात त्या कचऱ्यातल्या डिस्कपासूनच करू.

ती डिस्क ट्यूबलाइटखाली जरा तिरकी धरा, लेबलची नाही, जांभळट बाजू वर. लेझरने जिथपर्यंत लिहिलंय तिथपर्यंत रंगाची छटा थोडी गडद दिसते आणि तिथे एक स्वच्छ गोल कडा असते. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. मध्यापासून 24 मिलिमीटरवर डेटा सुरू होतो आणि 58 मिलिमीटरवर संपतो. म्हणजे काम कुठे थांबलं हे ती कडाच सांगते. हा गडद पट्टा जेमतेम 3 मिलिमीटरचा असेल तर साधारण 5 टक्के, म्हणजे 250 एमबीच्या आसपास लिहून झालंय. निम्मा डेटा गेला असेल तर पट्टा 20 मिलिमीटरचा दिसेल; बाहेरची वर्तुळं मोठी असतात, त्यामुळे उरलेला निम्मा 14 मिलिमीटरमध्येच मावतो.

आता पट्टाच दिसत नसेल तर रायटरला हात लावू नका, त्याच्यापर्यंत काम बहुधा पोचलेलंच नाही. बहुतेक वेळा सी ड्राइव्ह भरलेला असतो. विंडोज आधी सगळ्या फाइल्स तात्पुरत्या जागी गोळा करतं, त्यामुळे डीव्हीडीभर डेटासाठी तिथे तेवढीच जागा मोकळी लागते. दुसरी शक्यता म्हणजे रायटर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या उद्गारचिन्हासह बसलाय आणि कोड 19 किंवा 39 दाखवतोय. जुनं बर्निंग (डिस्क लिहिण्याचं) सॉफ्टवेअर काढून टाकल्यावर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, त्याच्या अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदी मागे राहतात, त्याचा हा प्रताप. रजिस्ट्रीत सीडी-डीव्हीडीच्या क्लासखालच्या (उपकरणांच्या गटाखालच्या) या दोन नोंदी काढून मशीन रीस्टार्ट केलं की रायटर परत येतो. रजिस्ट्रीची प्रत आधी काढून ठेवा, आणि शेजारच्या क्लासमधल्या त्याच नावाच्या नोंदी उडवू नका. कीबोर्डच्या क्लासमध्येही अप्परफिल्टर्स असतं.

पट्टा अगदी अरुंद असेल, किंवा पट्टा नसून ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ आली असेल, तर दहापैकी बहुतेक वेळा दोष विजेचा. इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. रायटरच्या पोटाखालचं लेबल वाचा, तिथे 5 व्होल्टपुढे बहुधा 1 अँपिअर किंवा त्याहून मोठा आकडा असतो. डिस्क नुसती वाचताना एवढी वीज लागत नाही. मोटर उचल घेते आणि लेझर लिहायच्या ताकदीवर जातो, तेव्हा लागते. म्हणून ‘वाचतो झकास, लिहीत मात्र नाही’ ही तक्रार आली की ड्राइव्ह बिघडलाय असं म्हणायची घाई नको. लिहायला सुरुवात करण्याआधी लेझर आतल्या कडेच्या राखीव जागेत स्वतःची ताकद जुळवून बघतो. वीज कमी पडली की तिथेच ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येते. कधी एररही येत नाही, यूएसबी निघाल्याचा आवाज होतो आणि ड्राइव्ह यादीतून गायब.

उपाय असा. यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) काढा, थेट पोर्टला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला. पुढचे पोर्ट आतून लांब वायरीने जोडलेले असतात आणि तेवढ्यात व्होल्टेज पडतं. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. दोन तोंडांची केबल मिळाली असेल तर दोन्ही तोंडं लावा, दुसरं तोंड शोभेचं नाही. केबल हरवली म्हणून ड्रॉवरमधली कुठलीही मिनी-यूएसबी लावू नका: काहींत डेटाच्या तारा नसतात, काही इतक्या बारीक की वीज पोचत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. हब वापरणं भागच असेल तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला घ्या. एवढं करूनही अरुंद पट्ट्यावरच अडत असेल, तर दुसऱ्या कंपनीची डिस्क घालून बघा, आणि मगच रायटर बदलायचा विचार करा.

पट्टा मधेच कुठेतरी संपतोय? मग डेटा येतो कुठून ते बघा. डीव्हीडीचा 1एक्स म्हणजे सेकंदाला 1.385 एमबी, 8एक्स म्हणजे 11 एमबी. वाय-फायवरून किंवा त्याच हबवरच्या हार्ड डिस्कवरून हजारो बारक्या फाइल्स ओढल्या तर पुरवठा तुटतो. आजचे रायटर थांबून पुन्हा जोड देतात, पण प्रत्येक जोड ही कच्ची जागाच. आधी आतल्या हार्ड डिस्कवर आयएसओ इमेज (पूर्ण डीव्हीडीची एकच फाइल) करा, मग ती लिहा.

वेगाबद्दल: 4एक्स ठेवा, त्याहून हळू नको; पूर्ण डिस्कला 14-15 मिनिटं लागतात. ‘जितकं हळू तितकं पक्कं’ हे जुन्या सीडीच्या काळातलं. 16एक्सच्या डिस्कवरचा रंगद्रव्याचा थर जास्त वेगासाठी बनवलेला असतो.

पट्टा अगदी काठाजवळ संपत असेल तर प्रश्न मापाचा किंवा डिस्कच्या दर्जाचा. 4.7 जीबी हा कंपनीचा हजाराच्या हिशेबाचा आकडा, विंडोज तोच सुमारे 4.37 दाखवतं. शिवाय डीव्हीडीच्या दोन जातींपैकी प्लस आरची (डीव्हीडी+आर) जागा मायनस आरपेक्षा (डीव्हीडी-आर) जवळपास 7 एमबीने कमी, त्यामुळे एकीवर ठासून बसलेली इमेज दुसरीवर मावत नाही. डिस्क डगमगते ती काठाशी, बोटांचे ठसेही तिथेच. विंडोज 4.0 जीबी दाखवेल इतकंच भरा, काठाचे शेवटचे 2 मिलिमीटर कोरे राहतील. मोठा डेटा सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरने तुकडे करून अनेक डिस्कवर टाकण्याची पद्धत आहे, त्यात 4480 एमबीचा डीव्हीडी पर्यायही असतो. मला ती पसंत नाही. एक डिस्क गेली की सगळा संच गेला. प्रत्येक डिस्क स्वतःपुरती पूर्ण असू द्या: एका डिस्कवर एक वर्ष, किंवा एक लग्न.

मराठी फाइलनावांचा घोटाळा वेगळाच. डिस्कवर फाइलनावं नोंदवायच्या जोलिएट पद्धतीत नावाला 64 चिन्हांची मर्यादा आहे आणि मात्रा, हलन्त, जोडाक्षरातला प्रत्येक भाग वेगळा मोजला जातो. ‘इतिवृत्त’ आपल्याला चार अक्षरी दिसतं, यंत्राला ती आठ चिन्हं. ‘...सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि जमाखर्च 2023-24’ अशी लांबलचक नावं असली की शेपूट कापलं जातं, आणि वर्ष नेमकं शेपटातच असतं. दोन वर्षांच्या दोन फाइल्स एकाच नावाच्या होऊन बसतात. बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये यूडीएफ ही दुसरी पद्धत निवडा, तिथे देवनागरीला 127 चिन्हं मिळतात आणि 4 जीबीपेक्षा मोठी फाइलही बसते. तरी सवय म्हणून वर्ष नावाच्या सुरुवातीला लिहा.

लिहून झालं, ‘यशस्वी’ असा निरोप आला, फोल्डर उघडून यादी दिसली. ही तपासणी नव्हे. यादी आतल्या कडेला असते, ती सडक्या डिस्कवरही दिसते. पूर्ण डिस्क हार्ड डिस्कवर उलट कॉपी करा, आणि तीही दुसऱ्या रायटरवरून. ज्याने लिहिलं त्याचा लेझर थोडा सरकलेला असला तरी स्वतःचं लिहिलेलं तो वाचून दाखवतो. कॉपी होताना शेवटच्या टप्प्यात मोटर वारंवार मंदावून पुन्हा वेग घेत असेल, तर डेटा आलेला असला तरी ती डिस्क पुन्हा लिहा. नाव घालायचं ते मधल्या पारदर्शक भागावर, पाण्याच्या शाईच्या पेनने. स्टिकर नको, तोल जातो.

आणि ती कचऱ्यातली डिस्क. तिच्या त्या 3 मिलिमीटरच्या पट्ट्यात एखाद्या ग्राहकाचं पॅन कार्ड आणि बँकेचं स्टेटमेंट असू शकतं. डिस्क बंद (फायनलाइझ) झालेली नसली तरी रिकव्हरी सॉफ्टवेअर ते वाचू शकतं. जाड पिशवीत घालून मोठ्या कात्रीने आतल्या पट्ट्यातून आरपार कापा. पिशवीतच, कारण तुकडे उडतात.